मठातल्या बंगल्याची दुपारची हाक

मी टेलिफोन एक्स्चेंजवर नोकरी केलेली बाई. ऐन उमेदीची वर्षं कानाला हेडफोन लावून आणि "नंबर प्लीज" म्हणत गेली. त्यामुळे कुणी "मला आवाज ऐकू आला" असं डोळे मोठे करून सांगायला लागलं, की माझा पहिला प्रश्न असायचा — "लाईन क्रॉस झाली असेल, बघितलंत का?" सोलापूरला भवानी पेठेत आमच्या शेजारच्या काकूंच्या अंगात यायचं. सगळी गल्ली पाया पडायची आणि मी दारात उभी राहून आईला म्हणायची, "बघ की, अंगात आलंय तरी पदर कसा बरोबर सावरतात!" आईनं एकदा पाठीत सणसणीत धपाटा घातला होता त्यावरून.

सांगायचं काय, तर मी असली. या सदरातले काही अनुभव वाचून मला हसू येतं, खोटं कशाला बोलू... रागावू नका. पण एक गोष्ट माझ्याही पोटात इतकी वर्षं पडून आहे. त्यात अमावास्या नाही, पांढरी साडी नाही, कुत्री रडत नाहीत. भर दुपारची, जेवणाच्या वेळची गोष्ट आहे. आणि मला त्यात भीती कधी वाटलीच नाही. वाईट वाटलं, ते मात्र अजून वाटतं.

माझी सख्खी मावशी, पारूमावशी, अक्कलकोटकडच्या मैंदर्गीच्या पुढे एका बंगल्यात दिली होती. लोक त्याला "मठातला बंगला" म्हणत. तिथं पूर्वी खरोखरच मठ होता. आमच्या वीरशैवांचाच, जुना, येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवू घालणारा. शेवटच्या स्वामींच्या मागं गादीवर कुणी बसलं नाही. मठाच्या खोल्या पडल्या आणि जागा काकांच्या आजोबांकडं आली. काका म्हणजे मावशीचे यजमान. त्या आजोबांना साहेबी थाटाचं भारी वेड. मठाचेच दगड पायाला घालून त्यांनी बंगला उठवला — गोल खांब, मंगलोरी कौलं, रंगीत काचांच्या खिडक्या, पुढं घोडागाडी वळायला ऐसपैस जागा. आत गेलं की दिवाणखान्याच्या भिंतीत मधेच एखादा दिव्याचा कोनाडा निघे. तो मठाच्या भिंतीचा. चिंचेच्या झाडाखाली स्वामींची समाधी होती, तिला कुणी हात लावला नाही. आणि मागचं स्वयंपाकघर तसंच ठेवलं होतं. काळेकुळकुळीत दगडी खांब, मोठी चूल आणि मागच्या दाराला मठाची जुनी पायरी, मधोमध झिजलेली.

स्वामींनी जाण्याआधी म्हणे आजोबांना एकच सांगितलं होतं. घर बांध, खुशाल राहा, पण दुपारची हाक बंद करू नको. झालं, तेव्हापासून त्या घरातली रीत पडली. दुपारी पानं घ्यायच्या आधी घरातल्या बाईनं डोक्यावर पदर घ्यायचा, मागच्या पायरीवर उभं राहायचं आणि कानडीत तीनदा हाक मारायची, "हसिदवरु यारिद्दीरी... ऊटक्क बर्री!" भुकेलं कोण असेल त्यानं जेवायला या, एवढाच अर्थ. जो येईल त्याला आधी वाढायचं, मग घरच्यांनी बसायचं. कुणी नाही आलं तर ते पान गाईला.

लहानपणी सुट्टीत जायचे तेव्हा त्या हाकेची मला मोठी मजा वाटे. मावशीचा आवाज मोकळा होता. "बर्री" वर तो असा वर जायचा आणि शेवटी थोडासा हसायचा. काका पुढच्या ओसरीवरून ओरडायचे, "पारू, आक्कलकोटापातूर गेली बग हाक!" आणि मावशी आतून, "मग काय, तुमच्यासारकं पुटपुटू?" दोघांना मूल नव्हतं, पण घरात हसणं खूप होतं. येऊन येऊन यायचं तरी कोण... एखादा धनगर, वाट चुकलेला जंगम, बाजारातून परतणारी म्हातारी. बहुतेक वेळा गाईचंच फावायचं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. ज्यांनी तो बघितलाय त्यांना सांगायला नको. विहिरींचे तळ दिसले, गुरं गेली. बंगल्यापासून हाकेच्या अंतरावर रस्त्याचं दुष्काळी काम निघालं. खडी फोडायला बाया-माणसं लेकरांसकट येऊन बसली. सरकारी सुकडी मिळायची, लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या असायच्या, पण त्यानं पोट कुठलं भरतंय.

काका घाबरले. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. माणूस प्रेमळ होता, पण हिशेबी. जमिनीखालच्या पेवातली ज्वारी पुढच्या सुगीपर्यंत पुरवायची होती, गडीमाणसं होती. एवढा जमाव एकदा दारात आला तर थोपवायचा कसा, ही त्यांची काळजी. पण रीत मोडायचीही छाती होईना. मग त्यांनी असा मार्ग काढला की आमच्याच माणसांना सुचावा. मावशीला म्हणाले, "हाक बंद कर म्हनत न्हाई मी. मार की. पन दार लावून घे, आन् हळू मार. स्वामींना ऐकू आलं म्हंजे झालं."

मावशीनं ते ऐकलं. नवऱ्याच्या शब्दाबाहेर जाणारी ती नव्हती. रोज बंद दाराकडं तोंड करून, पदर घेऊन, ओठातल्या ओठात तीनदा म्हणायची. "लई कसनुसं वाटायचं गं," मला नंतर सांगितलं तिनं. "समोर दाराची फळी आन् मी तिला म्हंतेय, जेवायला ये!"

आणि नेमकी त्यानंतर माणसं यायला लागली.

पहिल्या दिवशी दोन बाया आल्या, खडीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन. दार वाजवलं. स्वयंपाकघरात हाताखाली असलेल्या कल्लव्वानं उघडलं, तर म्हणाल्या, "बाईंनी बोलावलं जेवायला." दुसऱ्या दिवशी आणखी आल्या. लेकरं आली, म्हातारे आले. सगळ्यांचं एकच — बाईंनी हाक मारली, आमी ऐकली, तितं कामावर ऐकू आली की.

काकांना वाटलं, मावशी आपली पाठ वळली की बाहेर जाऊन हाक मारते. विचारलं. ती म्हणाली, "न्हाई वो. तुमी सांगितलं तसंच करते. इचारा कल्लव्वाला." कल्लव्वा तिच्या बाजूनं बोलली, तर काकांना वाटलं दोघींनी संगनमत केलंय. रोज धुसफूस व्हायला लागली. शेवटी एक दिवस ओसरीवर चार माणसं बसलेली असताना काका म्हणाले, "खरं बोलत असशील तर लिंग हातात घेऊन सांग."

वाचणाऱ्यांत आमच्यातले नसतील त्यांच्यासाठी सांगते. गळ्यातलं इष्टलिंग पूजेला बाहेर निघतं, पंचनाम्याला नाही. नवऱ्यानं बायकोला अशी शपथ घालायची म्हणजे काही शिल्लकच ठेवायचं नाही. मावशीनं गळ्यातली चांदीची डबी उघडली, लिंग तळहातावर घेतलं आणि म्हणाली, "मी दाराबाहेर हाक मारलेली न्हाई."

आणि काका काय म्हणाले? "लिंग हातात घेऊनबी खोटं बोललीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी पहिल्या एस्टीनं आमच्याकडं सोलापूरला आली. पिशवीत दोन लुगडी. आईनं दार उघडलं, बहिणीचं तोंड बघितलं आणि काही न विचारता चहा टाकला.

मावशी आमच्यात राहिली. भाकऱ्या थापायची, आईबरोबर निवडणं-टिपणं करायची, माझ्या ड्यूटीच्या वेळा तिलाच जास्त पाठ. पण तिचं ते हसणं बंद झालं. कुणी बंगल्याचं नाव काढलं की उठून आत जायची. आई मला खुणेनं गप्प करायची.

बरेच आठवडे असे गेले. एक दिवस दुपारी जेवून ड्यूटीवर परत आले आणि बोर्डवर मैंदर्गीचा ट्रंक कॉल लागला. "हॅलो" म्हणायच्या आधी नुसत्या श्वासावरून मी ओळखलं, काका. मैंदर्गीच्या पोस्टातून बोलत होते.

"गिरिजा, पारू तितंच हाय का?"

"घरीच आहे काका."

"आता? आता या वेळंला?"

"अहो, आत्ता जेवून आले मी. तिनंच वाढलं." मी जरा तोडूनच बोलले, राग होताच मनात. "का? तपास चाललाय का अजून?"

काका बारीक आवाजात म्हणाले, "तू एकदा ये गं हितं. तुला आवाज कळतेत. तुज्या कानावर माजा इश्वास हाय."

माझ्या कानावर होता, बायकोच्या शब्दावर नव्हता. हे तोंडावर आलं होतं, गिळलं. आईला सांगितलं, मावशीला नाही. सुट्टी टाकून अक्कलकोटमार्गे गेले. जाताना ठरवूनच गेले होते की हा सगळा कल्लव्वाचा नाहीतर कामावरच्या कुण्या चावट बाईचा उद्योग असणार, आणि आज तिला रंगेहाथ पकडायची.

काका वाळून गेले होते. दाढी वाढलेली. मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. मागचं दार आतून कडी लावून बंद. कल्लव्वा चुलीपुढं भाकरी थापत होती, माझ्या अगदी समोर. मी म्हटलं, "कल्लव्वा, तू माझ्याकडं तोंड करून बस आणि बोलत राहा." ती बिचारी बोलत राहिली, पिठाबद्दल काहीतरी. काका खांबाला टेकून उभे. बाहेर उन्हाचा नुसता चटका, पानही हलत नव्हतं.

आणि दारापलीकडून, अगदी पायरीवरून, हाक आली.

"हसिदवरु यारिद्दीरी... ऊटक्क बर्री!"

तो मावशीचा आवाज होता. मावशीसारखा नाही — मावशीचा. तेच "बर्री" वर जाणं, तेच शेवटी किंचित हसणं. मी रोज नाना गावांचे आवाज ऐकायची. सर्दी झालेली असो, लाईन खराब असो, माणूस ओळखायला चुकत नव्हते. माझी बोर्डवरची पैजच असायची तशी.

दुसरी हाक चालू असताना मी कडी काढून दार उघडलं. पायरीवर कुणी नव्हतं. पण हाक तशीच चालू होती, माझ्या तोंडापुढं, हातभर अंतरावर. जिथं बाई उभी असायला हवी तिथून. "यव्वा!" म्हणून कल्लव्वानं पदर तोंडात घातला. तिसरी हाक झाली आणि थांबली. नंतर सगळं चिडीचूप.

थोड्या वेळानं चिंचेखालून माणसं येताना दिसली. बाया, लेकरं, डोक्याला फडकी बांधलेले बापे. नेहमीचं असल्यासारखे येऊन ओळीनं बसले. एका बाईनं पदरानं घाम पुसत विचारलं, "बाई कुटं हायती? रोज हाक मारत्यात, अन् वाडायला मातूर आताशा दिसत न्हाईत. आजारी हायती का?"

काकांनी स्वतः भाकऱ्यांची टोपली उचलली आणि वाढायला लागले. मग कळलं, मावशी गेल्यापासून ते रोज वाढत होते. आता कुणी म्हणेल, ज्वारी संपलीच नसेल, चमत्कार झाला असेल. अहो, कसला चमत्कार! पेव उपसलं की रिकामंच होतं. काकांनी बैलजोडी विकून धान्य आणलं होतं.

पंगत उठल्यावर मला म्हणाले, "काय गं? कुनाचा?"

"मावशीचा."

ते तिथंच पायरीवर बसले. मोठा माणूस, पण लहान पोरासारखे रडले. "लिंग हातात घेऊन सांगितलं की गं तिनं मला..." एवढंच परत परत.

त्याच दिवशी ते माझ्याबरोबर सोलापूरला आले. घरी पोचलो तेव्हा मावशी दिवेलागणीच्या भाकऱ्या करत होती. काका स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहिले, टोपी हातात. "पारू, चुकलं माजं. तू न्हवतीस ती. रोज हाक येतीया. आज गिरिजानंबी ऐकली. घरी चल."

मावशीनं तव्यावरची भाकरी उलटली, पापुद्रा धरेपर्यंत थांबली, मग बोलली. आवाज अजिबात चढला नाही.

"मी सांगितलं तवा तुमी मानलं न्हाई. पायरीनं सांगितलं तवा मानलं. मग ऱ्हावा की पायरीजवळच."

आईनं समजावलं. मी समजावलं. मावशीनं काकांना जेवायला वाढलं, भाकरीवर शेंगाची चटणी घातली, वर तेलसुद्धा सोडलं. पण गेली नाही.

काका एकटे परतले. त्यानंतर रोज दुपारी ते मागचं दार सताड उघडून स्वतः हाक मारायचे, घोगऱ्या पुरुषी आवाजात. घरातल्या बाईनं मारायची हाक गड्यानं मारायची म्हणून मैंदर्गीत हसले लोक. पण ज्या दिवसापासून त्यांनी सुरू केलं, त्या दिवसापासून दुसरी हाक कुणालाच ऐकू आली नाही. कल्लव्वानं शपथेवर सांगितलं.

पुढं पाऊस झाला, दुष्काळ सरला, खडीवरची माणसं गावोगाव गेली. काका मात्र महिन्या-दोन महिन्यांनी आमच्याकडं येत राहिले. ओसरीवर बसायचे, मावशी चहा द्यायची. "बरं हाय?" "बरं हाय." संपलं बोलणं. एस्टीची वेळ झाली की उठायचे आणि दारात उगाच चप्पल घालायला वेळ लावायचे. आता वाटतं, ते तेवढ्यात वाट बघत असायचे. मावशी आत भांडी आवरत असायची, जरा जास्तच जोरात.

मग एकदा आले नाहीत. निरोप आला तो गेल्याचाच. झोपेत गेले.

आम्ही सगळे गेलो. आमच्या रीतीनं त्यांना बसवून पुरलं, समाधीच्या पलीकडं. सगळं उरकून घरात आलो तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. बरीच माणसं जमलेली. त्यांत काही खडीवरचीही होती, कुठून कुठून आलेली. मावशी मागच्या पायरीवर जाऊन बसली होती. मी तिच्याशेजारी बसले.

या गोष्टीचा मी खूप विचार केलाय हो. कल्लव्वा समोर बसलेली होती. टेपरेकॉर्डर म्हणाल, तर तेव्हा त्या भागात तो कुणी बघितलाही नसेल. कानाचा भास म्हणाल, तर रस्त्यावरच्या एवढ्या माणसांना एकच भास कसा? आणि आवाज मेलेल्या माणसाचा असता तर निदान भूत तरी म्हणता आलं असतं. मावशी तर सोलापुरात आमच्या चुलीपुढं जिवंत बसलेली! जिवंत माणसाचा आवाज त्याला सोडून राहतो, याला काय नाव द्यायचं, मला माहीत नाही. कुणाला सुचलं तर जरूर कळवा, मी नीट ऐकून घेईन.

पण त्या दिवशी पायरीवर मावशीनं मला जे विचारलं, ते तिनं त्याआधी कधीच विचारलं नव्हतं. एवढ्या वर्षांत एकदाही नाही.

"गिरजे, तू ऐकलंस तवा... कसा हुता गं तो आवाज? रागातला हुता?"

मी आठवलं. खरं सांगितलं तर तिला जास्तच लागेल, म्हणून खोटं बोलावं असं वाटलं, पण नाही बोलले. "नाही गं मावशी. छान मोकळा होता. राग नव्हताच. कुणीतरी यावं असं मनापासून वाटणारा होता."

तिनं मान हलवली. आतून ताटांचे आवाज येत होते, माणसं खोळंबली होती. कुणीतरी म्हणालं, बाईंनी हाक मारली की बसू. मावशीनं डोक्यावर पदर घेतला, उठायला माझा हात धरला आणि अर्ध्यात थांबली.

"तशी हाक मला एकदा त्यांला मारायची हुती गं," ती म्हणाली. "दारात चप्पल घालत असायचे न्हवं, तवा. लई डाव तोंडावर आली. जीबच वळली न्हाई."